चुक्याचे पान, बी आणि मूळ

आपल्या भागात चुका ठाऊक नाही असे घर सापडणार नाही. देवणीच्या किंवा उदगीरच्या बाजारात मेथी, शेपू, करडईच्या जुड्यांशेजारी चुक्याची जुडी असतेच. तुरीच्या डाळीत घालून, वर लसणाची फोडणी दिली की भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही. कोणी शेंगदाणे घालतात, कोणी हरभऱ्याची डाळ घालतात, कोणी ताकात शिजवितात. सीमेपलीकडच्या तेलुगू माणसालाही ही भाजी परकी नाही. तो तिला चुक्ककूर म्हणतो. अशा या रोजच्या भाजीविषयी स्मरणिकेत लेख कशाला, असे काही सभासद विचारतील. कारण असे की, अलीकडे 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द चहाच्या पुड्यापासून च्यवनप्राशाच्या डब्यापर्यंत सगळीकडे छापलेला दिसतो. त्या शब्दाच्या जोरावर रानपाल्याची आणि मुळ्यांची चूर्णे महाग भावाने विकली जातात. आपले काही बांधव ती घेतात आणि दारातली भाजी मात्र गरिबीची खूण म्हणून टाळतात. तेव्हा या शब्दामागे शास्त्र किती आहे, आणि चुक्याच्या कोणत्या भागात काय आहे, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

प्रथम वनस्पतीची ओळख. चुक्याचे शास्त्रीय नाव रुमेक्स व्हेसिकॅरियस. पॉलिगोनेसी या कुळातील रुमेक्स या प्रजातीत जगभर सुमारे दोनशे जाती आहेत. आपण वाफ्यात पेरतो तो चुका अरबस्तानच्या आणि इजिप्तच्या वाळवंटात पाऊस पडून गेल्यावर आपोआप उगवतो आणि तेथील भटके लोक तो खुडून खातात. म्हणजे आपली लागवडीची भाजी तेथे रानभाजी आहे. याचे खरे रानटी भाऊबंद भारतातही आहेत. रुमेक्स डेंटॅटस हा ओलसर जागी, पाण्याच्या कडेला आणि उत्तरेत गव्हाच्या पिकात तण म्हणून माजतो. तिकडे त्याला जंगली पालक म्हणतात. रुमेक्स नेपालेन्सिस हा हिमालयासारख्या थंड, उंच डोंगरांतला. त्याचे मूळ तेथील लोक पोट साफ होण्यासाठी वापरत आले आहेत. जुन्या वैद्यकात प्रसिद्ध असलेली रेवंदचिनी आणि उपवासाला खाल्ला जाणारा कुट्टू हीसुद्धा याच कुळातली मंडळी होत.

आता 'अँटिऑक्सिडंट' म्हणजे काय ते पाहू. लोखंडाला गंज चढतो, कापलेले वांगे काळे पडते, जुन्या तेलाला खवट वास येतो. या तिन्ही ठिकाणी प्राणवायूशी संयोग घडत असतो. त्याला ऑक्सिडीकरण म्हणतात. आपल्या शरीरातही अन्न जाळून शक्ती मिळविताना प्राणवायू वापरला जातो आणि त्या कामात काही अस्थिर कण निर्माण होतात. त्यांच्यात एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलेला असतो. तो कण शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मग तो शेजारी अस्थिर होतो, आणि अशी साखळी चालते. या कणांना मुक्त मूलके म्हणतात. जो पदार्थ स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन ही साखळी तोडतो आणि स्वतः मात्र बऱ्यापैकी शांत राहतो, तो ऑक्सिडीकरणविरोधी पदार्थ, म्हणजेच अँटिऑक्सिडंट. डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली असे मत मांडले की, म्हातारपणाचे एक मूळ या मुक्त मूलकांच्या नासधुशीत आहे. पुढे १९६९ मध्ये मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी दाखविले की शरीराजवळ या कणांना आवरण्यासाठी स्वतःचीच विकरे आहेत. ही दुसरी गोष्ट डब्यावर कोणी छापत नाही.

वनस्पती ही द्रव्ये आपल्यासाठी बनवीत नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. पान दिवसभर उन्हात असते, म्हणून उन्हातील घातक किरणांपासून बचाव करणारी द्रव्ये ते तयार करते. बी पुढच्या हंगामापर्यंत टिकावे लागते, त्यातील स्निग्ध अंश खवट होता कामा नये आणि बुरशीही लागता कामा नये. मूळ ओल्या मातीत, किडी आणि बुरशी यांच्या शेजारात राहते. प्रत्येक भागाचा शत्रू निराळा, म्हणून शस्त्रही निराळे. एकाच झाडाच्या पानात, बियांत आणि मुळात वेगवेगळी द्रव्ये का सापडतात, याचे उत्तर यात आहे.

चुक्याच्या पानात क जीवनसत्त्व आहे, गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटीनच्या गटातील द्रव्ये आहेत आणि फ्लॅव्होनॉइड नावाच्या गटातील क्वेर्सेटिनसारखे पदार्थ आहेत. ही सर्व ऑक्सिडीकरणविरोधी होत. परंतु पानाचा जो आंबटपणा आपल्याला जाणवतो तो मुख्यतः यांचा नव्हे, ऑक्झॅलिक आम्लाचा. जास्त आंबट म्हणजे जास्त गुणकारी, ही समजूत म्हणून चुकीची आहे. तांब्या-पितळेची भांडी ज्याने लखलखीत होतात तेच हे आम्ल. बिनकल्हईच्या भांड्यात चुका शिजवू नये असे जुन्या बायका सांगत, त्यात पूर्ण तथ्य होते.

झाड जून होऊन तुऱ्यावर आले की त्याला पातळ पंखांची, पुष्कळदा लालसर फळे लागतात. त्यांतच बी असते. हा लाल रंग अँथोसायनिन या द्रव्याचा, आणि तेही ऑक्सिडीकरणविरोधी आहे. त्याशिवाय या वर्गातील वनस्पतींच्या फळांत व बियांत टॅनिन बरेच असते. मुळात टॅनिन तर असतेच, शिवाय इमोडिन, क्रायसोफॅनॉल यांसारखी पिवळसर द्रव्ये असतात. त्यांना अँथ्राक्विनोन म्हणतात. जंगली चुक्याचे मूळ कापले की आत पिवळे दिसते ते बहुधा यांच्यामुळे. ही द्रव्ये रेचक आहेत. सोनामुखीने पोट मोकळे होते ते याच गटातील द्रव्यांनी.

प्रयोगशाळेत या भागांची तुलना कशी करतात? एक जांभळ्या रंगाचे रसायन असते. त्याचे लांबलचक नाव सोडून सर्वजण डीपीपीएच म्हणतात. १९५८ साली ब्लॉइस यांनी ही रीत प्रसिद्ध केली. हे रसायन म्हणजे बाटलीत टिकणारे मुक्त मूलकच. त्यात वनस्पतीचा अर्क टाकला आणि अर्काने इलेक्ट्रॉन दिला की जांभळा रंग उतरून फिकट पिवळा होतो. रंग किती उतरला हे यंत्राने मोजावयाचे. वेगवेगळ्या देशांत रुमेक्सच्या अनेक जातींवर असे प्रयोग झाले आहेत आणि त्यांत बहुधा मूळ आणि फळे-बिया पानापेक्षा वरचढ ठरतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना पुढे प्रकल्प करावयाचा झाल्यास हा सोपा, स्वस्त आणि समाधान देणारा विषय आहे. आपल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून असे प्रकल्प करता येण्याजोगे आहेत.

मात्र हे आकडे वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. तुलना वाळवून केलेल्या भुकटीची असते. पानात बहुतांश पाणी असल्याने मोठी जुडी वाळून मूठभरही राहत नाही. शिवाय अर्क बहुधा मेथॅनॉलमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो, आणि आपल्या आईने मेथॅनॉलमध्ये भाजी कधी शिजविलेली नाही. द्रावक बदलला की उतरणारी द्रव्ये बदलतात आणि आकडाही बदलतो.

टॅनिनविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. कच्चे जांभूळ, हिरडा, बाभळीची शेंग चावली की तोंड आकसते, जीभ ओढल्यासारखी होते. ती तुरट चव म्हणजे टॅनिन. ते लाळेतील प्रथिनांना धरून गोठविते. हाच गुण कातडे कमावताना उपयोगी पडतो. बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे भिजत ठेवले की टॅनिन त्यातील प्रथिनांना बांधते आणि कातडे कुजत नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात तर रुमेक्सचीच एक जात तिच्या टॅनिनयुक्त मुळांसाठी लावली गेली. कोणत्या झाडाची साल, किती दिवस, किती पाणी हे सारे आपल्याकडील ढोर आणि चर्मकार बांधवांना हाताच्या अनुभवाने ठाऊक होते. त्यांच्या कामाला गावाने हीन म्हटले, त्या कामात किती रसायनशास्त्र आहे हे कोणी विचारले नाही. आज त्याच टॅनिनच्या गटातील द्रव्ये 'पॉलिफिनॉल' या नावाने परदेशी नियतकालिकांत सन्मानाने वावरतात. ज्ञान कोणाच्या हातात आहे यावर त्याची किंमत ठरविणारी ही रीत आपल्याला नवी नाही.

झाडाच्या भागाभागांचा वेगळा विचार करणे हेही नवीन नाही. विनयपिटकातील महावग्गात औषधांचा एक संपूर्ण खंधक आहे. आजारी भिक्खूंसाठी भगवान बुद्धांनी ज्या औषधांना अनुमती दिली त्यांची तेथे विभागणी केलेली आहे. मुळांच्या वर्गात हळद, आले, वेखंड, अतिविष, वाळा, नागरमोथा. तुरट काढ्यांच्या वर्गात कडुनिंब, कुडा, पडवळ, करंज. पानांच्या वर्गात पुन्हा कडुनिंब आणि कुडा, शिवाय तुळस व कापूस. फळांच्या वर्गात वावडिंग, पिंपळी, मिरे, हिरडा, बेहडा, आवळा. कडुनिंब आणि कुडा दोन वर्गांत येतात, हे ध्यानात घ्यावे. झाड एकच, पण काढा वेगळा आणि पान वेगळे. तुरट चवीला स्वतंत्र वर्ग दिला आहे, हे तर मला फारच महत्त्वाचे वाटते. या याद्यांत चुका नाही. तो आहे असे ओढून-ताणून सांगण्याचे कारणही नाही.

त्याच महावग्गात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर गुरूंनी त्याला सांगितले की सभोवार एक योजन हिंड आणि जी वनस्पती औषधी नाही अशी घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला, आणि तीच त्याची परीक्षा ठरली. ही कथा आपण विहारात पुष्कळदा ऐकतो. परंतु तिचा अर्थ प्रत्येक वनस्पती कोणीही, कितीही खावी असा काढला जातो तेव्हा धोका सुरू होतो. जीवकाने वनस्पती पारखल्या होत्या, सात वर्षे अभ्यास करून पारखल्या होत्या.

धोका कसा, ते आता सांगतो. प्रयोगनळीत सिद्ध झालेला गुण शरीरात सिद्ध झाला असे होत नाही. बँकेत रोज पाहावयास मिळते की कर्ज मंजूर होणे वेगळे आणि पैसे हातात पडणे वेगळे. मध्ये कागदपत्रे, हप्ते, कपाती असतात. तसेच येथे आहे. पोटात गेलेल्या टॅनिनचा मोठा भाग रक्तात शोषलाच जात नाही. जो अंश जातो त्याचे यकृत रूपांतर करते. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या ऑक्सिडीकरणविरोधी शक्तीचा एक तक्ता संगणकीय जाळ्यावर ठेवला होता. त्या आकड्यांचा माणसाच्या शरीरावरील परिणामांशी मेळ बसत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, म्हणून २०१२ साली तो काढून टाकण्यात आला.

याहूनही गंभीर अनुभव फिनलंडचा. तेथे सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अनेक वर्षे एक चाचणी घेतली गेली. बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुफ्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत तो रोग सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील तशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. गाजर किंवा पालेभाजी खाणाऱ्यांचे आरोग्य चांगले असते, हे खरे. परंतु त्यातील एक द्रव्य वेगळे काढून मोठ्या मात्रेत दिले की तोच परिणाम होतो, हे खरे ठरले नाही. ज्या बांधवांना तंबाखू-विडीचे व्यसन आहे आणि जे 'अँटिऑक्सिडंट'च्या गोळीने त्याची भरपाई होईल असे मानतात, त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

चुक्यापुरते बोलावयाचे तर प्रयोगशाळेत पहिला नंबर मिळविणारे मूळ आपल्या ताटात पहिले नाही. त्यातील रेचक द्रव्ये अधिक प्रमाणात घेतली तर जुलाब लागतात. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना तर अशी चूर्णे देऊच नयेत. पानही बेताने खावे. ऑक्झॅलिक आम्ल शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारे स्फटिक बनविते, आणि मूतखड्यांपैकी बहुतेक याच जातीचे असतात. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. चुक्याच्या जातीच्या पाल्याचे कढण मोठ्या प्रमाणात खाल्ल्याने त्याचा मृत्यू झाला होता. असे क्वचितच घडते आणि डाळीतल्या चुक्याने कोणी भिण्याचे कारण नाही. मात्र ज्यांना मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुका खाऊ नये. उपाशीपोटी कच्च्या चुक्याचा रस पिण्याची जी टूम निघाली आहे ती तर कोणीच करू नये.

येथे ताकातल्या चुक्याचे शहाणपण कळते. ताकातील कॅल्शियम पोटातच ऑक्झॅलिक आम्लाला धरून ठेवते, ते रक्तात कमी जाते आणि बरेचसे तसेच बाहेर पडते. पाने उकडून पाणी टाकून दिले तरी आम्ल कमी होते, पण क जीवनसत्त्वही त्या पाण्याबरोबर जाते. त्यापेक्षा ताक बरे. ही कृती ज्या बाईने प्रथम केली तिला कॅल्शियम हा शब्द माहीत नसणार.

आणखी एक समजूत दूर केली पाहिजे, कारण ती आपल्या मुलींच्या जिवाशी निगडित आहे. पालेभाजीत लोह असते म्हणून रक्त वाढविण्यास तेवढी पुरे, असे घरोघरी म्हटले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. वनस्पतीतील लोह मुळात कमी शोषले जाते. टॅनिन त्याला आणखी अडविते. क जीवनसत्त्व मात्र मदत करते. म्हणून जेवणावर लगेच चहा पिण्याची सवय सोडावी, ताटात लिंबाची फोड असावी, आणि शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलींनी फेकून देऊ नये. चुका हा त्या गोळीला पर्याय नव्हे. टॅनिन एका बाजूने ऑक्सिडीकरणविरोधी म्हणून गौरविले जाते आणि दुसऱ्या बाजूने लोह अडविते. एकाच द्रव्याचे हे दोन चेहरे चूर्णाच्या डब्यावर कधीच एकत्र छापले जाणार नाहीत.

असे असता चुका, घोळ, पाथरी, कुंजीर, तरोटा, तांदुळजा ही आपली भाजी का टिकवावी? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील कित्येक घरांनी परदेशी मिलो, कामावर मिळणारी सुकडी आणि रानातला पाला यांवर दिवस काढले, हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकले आहे. त्या आठवणीमुळे या भाज्यांना उपासमारीचा वास चिकटला. शिकून नोकरीला लागलेल्या घरांनी पहिल्यांदा ज्या गोष्टी सोडल्या त्यांत या भाज्या होत्या, आणि पाहुणे आले की त्या आजही चुलीवर चढत नाहीत. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाण्यापिण्याची नोंद केली, तेव्हा हे लिहिण्याजोगे आहे असे अनेकांना प्रथमच वाटले. २०२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. माझ्या मते संस्थेच्या महिला मंडळाने गावोगावच्या ज्येष्ठ उपासिकांकडून कोणती भाजी केव्हा खुडावयाची, कोणता भाग टाकावयाचा, कशात शिजवावयाची याची लेखी नोंद करून ठेवावी. या बाया आहेत तोवरच ते होण्यासारखे आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक घरगुती प्रयोग देतो. डीपीपीएच महाग असते, पण रंग उतरण्याचा प्रकार औषधाच्या दुकानातील आयोडीनवर पाहता येतो. चमचाभर तांदळाचे पीठ पेलाभर पाण्यात उकळून थंड करावे. त्यातील एक चमचा पाणी अर्ध्या पेला स्वच्छ पाण्यात घालावे आणि जखमेवर लावावयाच्या आयोडीनच्या औषधाचे दोन थेंब टाकावेत. पाणी गर्द निळे होईल. असे पाच पेले सारख्या मापाने तयार करावेत. एकात लिंबाचा गाळलेला रस, दुसऱ्यात आवळ्याचा, तिसऱ्यात चुक्याच्या ताज्या पानांचा, चौथ्यात शिजविलेल्या चुक्याचे गाळलेले पाणी आणि पाचव्यात तुलनेसाठी नुसते पाणी थेंबाथेंबाने टाकावे व ढवळत राहावे. निळा रंग नाहीसा होण्यास किती थेंब लागले ते प्रत्येक वेळी वहीत लिहावे. जितके थेंब कमी तितकी रंग उतरविण्याची शक्ती अधिक. हा रंग मुख्यतः क जीवनसत्त्व उतरविते, म्हणून एवढ्यावरून टॅनिनचे अनुमान करू नये. आयोडीन घातलेले पाणी कोणी पिऊ नये, आणि पेले साबणाने धुऊन मगच परत मांडणीवर ठेवावेत. दुसऱ्या दिवशी त्याच जुडीतील सुकलेल्या पानांवर प्रयोग पुन्हा करावा आणि दोन्ही दिवसांचे थेंब शेजारीशेजारी मांडून पाहावेत.